अग्निरेखेचा डावा गाल

६ फेब्रुवारी

आज सकाळी फोन आला आणि मी सुरी हातात धरूनच खुर्चीवर बसले. माझ्या चित्रकथांमधल्या अग्निरेखेची कार्टून मालिका होणार! लहान मुलांच्या वाहिनीवर, दर रविवारी सकाळी. निर्माता फोनवर इतकं गोड बोलत होता की मी मनातल्या मनात त्याचं नाव ‘गुळगुळीत’ ठेवून टाकलं. "मॅडम, आमची सगळी पिढी तुमच्या अग्निरेखेवर वाढली," म्हणाला. हरभऱ्याच्या झाडावर चढवतोय हे कळत होतं, तरी चढले. उभा जन्म तिला काढण्यात गेला, एवढं चढायचा हक्क आहे मला.

अट एकच घातली. अग्निरेखेचं रूप माझ्या सहीशिवाय पक्कं करायचं नाही. तो लगेच हो म्हणाला.

ताई खाली वर्कशॉपमध्ये होती. जिन्यातूनच ओरडून सांगितलं. तिने वेल्डिंगचा मुखवटा वर केला आणि म्हणाली, "म्हणजे आता मी हलणार का? बरं झालं बाई. इतकी वर्षं एक पाय हवेत ठेवलायस, गुडघा धरला माझा."

ताईला कशाचंच गांभीर्य नाही. पण खरं आहे ते, अग्निरेखा म्हणजे ताईच. बाबांच्या वर्कशॉपला आग लागली तेव्हा ती कॉलेजात होती आणि मी शाळेत. आत अडकलेल्या कारागिराला तिने ओढून बाहेर काढलं आणि त्यात तिचा डावा गाल कानापासून हनुवटीपर्यंत भाजला. बाबांचा धीर सुटला होता. दवाखान्यातून आल्यावर ताईच मुखवटा चढवून कामाला उभी राहिली. मी लांबून बघायचे आणि कागदावर काढायचे. त्यातून अग्निरेखा झाली. उंच, करारी, डाव्या गालावर व्रण, बोटांतून ज्वाळा. ती हसत नाही, वाकत नाही, कुणाची मदत घेत नाही. ‘वेदना मला ओळखत नाही’ हे तिचं वाक्य पोरं शाळेच्या बाकांवर कोरायची.

त्या गालाला मी कुणाला हात लावू देणार नाही.

१३ फेब्रुवारी

दिग्दर्शिका घरी येऊन गेली. तिशीची असेल. एका बुटाची नाडी हिरवी, दुसऱ्याची पिवळी. ही नवी फॅशन का, असं विचारलं तर म्हणाली, "नाही मॅडम, एक तुटली." निदान खरं बोलते.

मला मॅडम म्हणते आणि ताईला पहिल्या मिनिटापासून ताई. हे जरा खटकलंच.

मालिकेतली अग्निरेखा अकरा वर्षांची असणार म्हणे. "अकराव्या वर्षी ती करणार काय? गृहपाठ?" मी विचारलं. "तोही करेल," ती म्हणाली. आणि हाक मारायला सोपं म्हणून नाव अग्गू. अग्गू! बशीत दूध ओतून मांजराला बोलवावं तसं.

आपण कुणाच्या वाट्याला जातोय ते तिला कळावं म्हणून मी कपाटातून मूळ पानं काढायला आत गेले. त्यांवरची धूळ झटकून बाहेर आले तर खोलीत कुणी नाही. बाईसाहेब स्वयंपाकघरात ओट्यावर चढून बसलेल्या, आणि ताई तिला ते फाटकाचं सांगत होती. एका बंगल्याचं फाटक बसवताना बोलण्याच्या नादात ताईने बिजागरीच्या बाजूबरोबर कडीची बाजूही चौकटीला जोडून टाकली, आणि स्वतः राहिली आत. बाहेर बंगल्याचा मालक, आत ही आणि त्याचा कुत्रा. दोघी पोट धरधरून हसत होत्या. मी पानं घेऊन दारात उभी.

"ये ना गं," ताई म्हणाली, "चहा आहे अजून."

फाटकाची गोष्ट मला तोंडपाठ आहे. तिचा अग्निरेखेशी काय संबंध, ते मात्र कळलं नाही.

२२ फेब्रुवारी

दिग्दर्शिका पुन्हा आली. आज मी तिला अग्निरेखेच्या मौनाबद्दल सविस्तर सांगितलं. ती मान डोलवत होती, पण पेनाचं टोपण काही निघालं नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरात पाल निघाली आणि ताई किंचाळत टेबलावर चढली. तेव्हा कुठे त्या मुलीने टोपण काढून भराभर काहीतरी लिहून घेतलं. माझा मुद्दा डोक्यात शिरायला जरा वेळ लागला असणार.

पाल गेल्यावर तिने ताईला विचारलं, "वेल्डिंगमध्ये अवघड काय असतं हो?" झालं! कामाचं बोलायला लागली की ताई थांबत नाही. "जाळायला काय लागतंय गं? काडेपेटीपण जाळते. जोडायचं म्हणजे वेळेवर हात थांबवता आला पाहिजे," वगैरे वगैरे. मी दोनदा घड्याळाकडे पाहिलं. कुणी दखल घेतली नाही.

१० मार्च

चित्रं आली. अंगाचा नुसता तिळपापड झालाय.

माझ्या अग्निरेखेचा त्यांनी विदूषक केला आहे. बुटकी, गोल, दप्तर एका खांद्यावर लोंबतंय. एकसारखी बडबडते. गाणी बेसूर म्हणते. पालीला भिते! जिच्यापुढे चोरांच्या टोळ्या चळाचळा कापल्या ती पाल पाहून टेबलावर चढते. आणि ज्वाळा? माझी अग्निरेखा ज्वाळेने पोलादी दारं कापते, साखळ्या तोडते. ही म्हणे मोडलेलं जोडते. एका भागात तर बागेतला झोपाळा जोडते. हे लोक असल्या कल्पना आणतात तरी कुठून, देव जाणे.

हे सगळं एकवेळ गिळलं असतं. पण गालावर व्रणच नाही. दोन्ही गाल सफरचंदासारखे गुळगुळीत.

दिग्दर्शिकेला फोन लावला. मला वाटलं होतं, पोरं घाबरतील असलं काहीतरी सांगेल. त्यावर माझी उत्तरं तयार होती. तिने वेगळंच सांगितलं. कार्टूनमध्ये वेळ आणि मेहनत वाचवायला पात्राची चित्रं एकाच बाजूला तोंड करून काढतात. पात्र दुसरीकडे वळलं की तेच चित्र आरशातल्यासारखं उलटं करून वापरतात. म्हणजे अग्गू उजवीकडे चालताना व्रण एका गालावर, आणि डावीकडे वळली की उडी मारून दुसऱ्यावर. "सगळी पात्रं दोन्ही बाजूंनी सारखी ठेवावी लागतात, मॅडम. भांगसुद्धा मधोमध."

"आमच्या घरातला गाल उडी मारत नाही," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

११ मार्च

सही करणार नाही म्हणून कळवून टाकलं. गुळगुळीतचा आवाज पहिल्यांदाच खरखरीत झाला. माझ्या सहीवाचून मालिका अडली तर चित्रकारांचं सगळं काम बंद पडेल म्हणाला. पडू दे. ताईने जे सोसलं ते पुसून माझी अग्निरेखा पडद्यावर जाणार नाही.

जेवताना ताईला हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. तिने घास खाली ठेवला.

"माझ्यासाठी भांडतेयस होय?"

"मग कुणासाठी?"

"मला विचारलंस का?"

"त्यात विचारायचं काय? अग्निरेखा म्हणजे तू."

ताई म्हणाली, "अगं छोटे, राग मानू नकोस. तुझी अग्निरेखा मला आवडते. सगळे अंक जपून ठेवलेत मी. पण ती मी नाही. कपाळावर कायम आठी, कुणाचं ऐकायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, मदत करायला गेलं की झिडकारायचं. ती तू आहेस. माझा फक्त गाल घेतलास तू."

काहीतरीच! मी काय उडते का? आठी तर माझ्या कपाळावर चष्म्यामुळे आहे.

१२ मार्च

ताईशी बोलले नाही. तिने चहा आणून ठेवला, तो मी प्यायले नाही. मीच नंतर दुसरा करून घेतला.

१८ मार्च

दिग्दर्शिकेने फोन करून एकदाच स्टुडिओत यायला सांगितलं. हट्टाखातर का होईना, गालावर व्रण घालून छोटा तुकडा हलवून बघितलाय म्हणाली. ताई आधीच चपला घालून तयार. "मला हलताना बघायचंय," म्हणे.

स्टुडिओ म्हणजे एक लांबलचक खोली, पडदे ओढलेले. प्रत्येक टेबलावर चित्र काढायची तिरकी काच, आणि तिच्याशेजारी एक छोटा आरसा. चित्रकार आधी आरशात स्वतः तोंडं वेडीवाकडी करतात आणि मग ती काढतात. मोठमोठे बाप्ये एकटेच दात विचकत बसलेले. एक दाढीवाला एक भुवई उचलून, ओठ मुडपून, हसू दाबायचा सराव करत होता. ही तऱ्हा मी कुठेतरी पाहिली आहे असं वाटलं, पण आठवेना.

मग तुकडा लावला. अग्गू झोपाळ्याकडे धावते, व्रण डाव्या गालावर. वळते, व्रण उजव्या गालावर. पुन्हा वळते, पुन्हा डावीकडे. मला कपाळाला हात लावावासा वाटला. ताईला मात्र हसू आवरेना. "अगं, हे बरंय की! मलाही असं करून द्या, कूस बदलली की गालपण बदलायचा." सगळी खोली हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

पण तुकडा पुढे चालू होता. अग्गूने तुटलेली साखळी उचलली, हात मागे पँटला पुसले, जीभ दाताखाली धरली आणि बोट टेकवलं. ठिणगी उडाली. तिने लगेच हात थांबवला, एक भुवई उचलली आणि ओठ मुडपून हसू दाबलं. "जाळायला काय," अग्गू म्हणाली, "काडेपेटीपण जाळते."

हात पुसणं ताईचं. जीभ ताईची. भुवई ताईची, दाढीवाला तीच तर घोकत होता. पाल ताईची, बेसूर गाणी ताईची, झोपाळासुद्धा ताईचा, कारण गावभरचे झोपाळे तिनेच जोडलेत. ही पोरगी माझ्या घरात बसून, माझ्या नाकासमोर, माझी बहीण उचलून घेऊन गेली आणि मला पत्ता नाही.

भयंकर राग आला. खरं लिहायचं तर मत्सर वाटला. मी तिची सख्खी बहीण, चित्रकार, आणि हे सगळं त्या दोन रंगांच्या नाड्यांच्या मुलीला दिसलं.

मग शेजारी बघितलं. ताईचा चहा हातात तसाच गार होत होता. एरवी सिनेमा चालू असतानाही जिची टकळी चालते, ती गप्प होती. तुकडा संपला तेव्हा हळूच म्हणाली, "पुन्हा लावता का?" त्यांनी पुन्हा लावला. मग आणखी एकदा.

१९ मार्च

सकाळी खाली वर्कशॉपमध्ये गेले. ताई खिडकीची जाळी करत होती. स्टूल ओढून तिच्यासमोर बसले आणि सरळ विचारलं, "डाग ठेवायचा की काढायचा? तू सांग."

तिने मुखवटा काढून बाजूला ठेवला. थोडा वेळ जाळीवरून बोट फिरवत राहिली.

"राहू दे," म्हणाली. "माझाच आहे तो, टाकू कशाला? फक्त गालावरच राहू दे. तुझ्या चित्रांत तो पार डोक्यावर बसलाय. आधी डाग येतो आणि मागून मी." मग हसली. "आणि हे बघ, ती बडबड अजिबात कमी करायची नाही."

"पण तो उडी मारतो ना," मी म्हणाले.

"मग दोन्हीकडून काढा की. तू रिकामीच आहेस."

दिग्दर्शिकेला फोन केला. दुसऱ्या बाजूचा प्रत्येक चेहरा मी स्वतः काढून देईन, एकही चित्र उलटं करायचं नाही; बाकी अग्गू आहे तशी मान्य, असं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, फार काम आहे ते." मी म्हणाले, "मला कामाची भीती घालू नकोस. आणि मॅडम म्हणणं बंद कर."

सही केली.

२५ एप्रिल

रोज स्टुडिओत जाते. बोटं आखडतात, पाठ बोलते, पण इतकी भूक कित्येक वर्षांत लागली नव्हती. त्या तिरक्या काचेवर पेन आधी नुसतं घसरायचं. दाढीवाल्याने चिकाटीने शिकवलं. मीही आता आरशात तोंडं करते. पहिल्या दिवशी हसरा चेहरा काढायला आरशात हसून पाहिलं, तर दाढीवाला म्हणाला, "मावशी, दुखतंय का कुठे?" मला आता सगळे मावशी म्हणतात. चालतं.

शेवटी आरसा बाजूला ठेवला आणि ताईलाच घेऊन आले. ती माझ्यासमोर बसते, डबा उघडते, सगळ्यांना खायला घालते, गप्पा मारते, आणि मी काढते. गंमत म्हणजे ती मनापासून हसली की व्रण ताणला जातो आणि डोळ्याच्या कोपऱ्याशी एक बारीक वळी पडते. कधी पडायला लागली कोण जाणे. ती वळी मी अग्गूला दिली आहे. दिग्दर्शिका म्हणाली, "हे आम्हाला दिसलं नव्हतं." काय बरं वाटलं! घरी येईपर्यंत छाती फुगलेली होती.

२ ऑगस्ट

आज वाचनालयाच्या सभागृहात मुलांना पहिला भाग दाखवला. फाटकाचीच गोष्ट आहे. अग्गू फाटक जोडते आणि कुत्र्यासकट आत अडकते. पोरं खुर्च्यांवरून घरंगळायची बाकी होती. अग्गू उजवीकडे धावली, डावीकडे वळली, उलटी लटकली, आणि व्रण आपल्या जागी डाव्या गालावर. हे कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि तेच मला हवं होतं. शेवटी सगळी पोरं उभी राहून ‘अग्गू! अग्गू!’ ओरडत होती. त्या मांजराच्या नावाने माझे डोळे भरून आले.

बाहेर पडताना एक लहान मुलगी ताईसमोर येऊन थांबली. पुढचा दात पडलेला. ती टक लावून गालाकडे बघत होती. तिचे वडील ओशाळले, "असं बघू नये बाळा," म्हणून हात ओढायला लागले. मी पुढे झालेच होते, अशा वेळी काय बोलायचं ते माझ्या तोंडात तयार असतं. ताईने मला कोपराने मागे सारलं आणि गुडघ्यावर हात टेकून खाली वाकली.

"तुम्ही अग्गूची आजी का?" मुलीने विचारलं.

"नाही गं, मीच अग्गू. जरा जुनी झालेय."

मुलीला ते पटलं. "हात लावू?"

"लाव की."

तिने दोन बोटं गालावर ठेवली, हळूच कानापर्यंत नेली. मग विचारलं, "दुखलं होतं?"

"खूप," ताई म्हणाली. "मोठमोठ्याने रडायचे मी. शेजारचे पेशंट वैतागायचे."

"मग?"

"मग ही माझी धाकटी बहीण शाळा सुटली की यायची, पलंगाशी बसून चित्रं काढायची. ती बघत राहायचे. रडणं काही लगेच थांबलं नाही, पण चित्र पुरं होईपर्यंत कळ काढायचे."

मुलीने माझ्याकडे नीट पाहिलं. "मग अग्गू का रडत नाही?" तिने मलाच विचारलं.

एवढे अंक काढले, मुलाखती दिल्या, बक्षिसं घेतली, पण असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. ताई रडायची हे मला आठवतच नाही. मला आठवतो तो तिचा पांढऱ्या पट्ट्यांखालचा न हलणारा चेहरा. तोच मी आयुष्यभर काढत आले. "रडेल," मी म्हणाले.

घरी आल्यावर ताई कपडेसुद्धा न बदलता कुणाच्या तरी मोडलेल्या खुर्चीचा पाय बघायला खाली गेली. अनोळखी पोरीसमोर ती किती सहज ‘खूप’ म्हणाली! आगीत शिरलेल्या ताईचा मला अभिमान होताच. पण आज तिच्याकडे बघताना ऊर भरून आला तसा तेव्हाही आला नव्हता. ही माझी बहीण आहे, असं त्या सभागृहात ओरडून सांगावंसं वाटत होतं.

दिग्दर्शिकेला कळवलंय, पुढच्या एका भागात अग्गू रडली पाहिजे आणि ती चित्रं मीच काढणार. हो म्हणाली. मघापासून कागद घेऊन बसले आहे. डोळे जमले, ओठ जमले, डाव्या गालावर येऊन हात अडला. भाजलेल्या कातडीवरून डोळ्यातलं पाणी सरळ ओघळतं की व्रणाच्या कडेने वळतं, मला माहीत नाही.

ताईला माहीत असेल. तिला हाक मारते.